पाहुण्यांच्या खोल्या किती बांधायच्या, ते विहिरीला विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यात वडिलोपार्जित साडेतीन एकर जमीन. त्यात हापूसची ४५ कलमं, ६० माड, थोड्या पोफळी, १५ गुंठे भात, दोन गाई आणि एक विहीर. आईवडील साठी ओलांडलेले, पण शेती अजून तेच करतात. प्रश्न विचारणारे नवराबायको पुण्यात नोकरीला आहेत. कंपनीच्या कामाने इटलीला गेले असताना तिथल्या एका शेतावर चार दिवस राहिले आणि आपल्या गावीही असं करावं हे मनात बसलं. एका ठेकेदाराने आठ वातानुकूलित कॉटेज आणि पोहण्याचा तलाव असा आराखडा दिला आहे, ६० लाखांचं कर्ज धरून. हे चालेल का आणि सुरुवात कुठून करावी, असं त्यांनी विचारलं आहे.

मी आणि माझे यजमान कुडाळ तालुक्यात एकोणीस वर्षं हेच काम करतो. आमच्या तीन खोल्या आहेत. त्यातली एक जुन्या मांगरातून, म्हणजे शेतातल्या शेतघरातून काढलेली, दोन नव्या. बाग आणि भातशेती आधीपासून होती, खोल्या नंतर आल्या. म्हणून उत्तर स्पष्टच देते. पाहुणे ठेवा, तुमच्याकडे त्यासाठी लागणारं सगळं आहे. पण आठ खोल्या बांधू नका. दोन बांधा. तिसरीचा विचार चार-पाच वर्षांनी करा.

तुम्ही इटलीत जे पाहिलंत त्यामागे एक कायदा आहे आणि तो तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. १९८५ साली इटलीने शेतावरच्या पाहुणचारासाठी राष्ट्रीय कायदा केला. पाहुणे ठेवायची मुभा शेती करणाऱ्याला, आणि शेती हाच त्याचा मुख्य धंदा राहिला पाहिजे, हा त्याचा गाभा. डोंगराळ भागातली माणसं गाव सोडून शहरात चालली होती. त्यांना शेतात राहून चार पैसे जास्त मिळावेत, हा हेतू होता. पाहुण्यांनी शेतीची जागा घ्यावी, हा नव्हता. तुम्हाला तिथे जे आवडलं ते त्या शेतकऱ्याचं ऑलिव्हचं रान आणि त्याच्या घरचं जेवण असणार. ठेकेदाराच्या आराखड्यात आठ कॉटेज कुठे येतात ते बघा. माझा अंदाज आहे की ती भाताच्या खाचरात येतात, कारण सपाट जागा तेवढीच असते. म्हणजे ज्यासाठी पाहुणा येणार ते आधी मोडायचं आणि मग पाहुण्याला बोलवायचं.

आता विहिरीकडे या. आमचं दुसरंच वर्ष होतं. मे महिन्यात तिन्ही खोल्या भरलेल्या, घरात मुंबईची आमचीच माणसं आलेली, आणि एका सकाळी पंपाने हवा ओढली. त्या आठवड्यात टँकर मागवला, माडांचं पाणी दहा दिवस बंद ठेवलं, आणि पुढचं वर्षभर माडांनी त्याची किंमत वसूल केली. बोंडं गळली, नारळ लहान पडले. त्या दिवसापासून आम्ही खोल्यांचं बुकिंग घेण्याआधी विहिरीचं पाणी मोजतो.

तुम्हीही मोजा, अवघड नाही. विहीर गोल आणि १२ फूट व्यासाची असेल तर एक फूट पाणी म्हणजे साधारण ३,२०० लिटर. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी पंप बंद केल्यावर दोरीला गाठ मारून पातळी बघा, पहाटे पंप लावायच्या आधी पुन्हा बघा. समजा रात्रीत दीड फूट पाणी वर आलं. म्हणजे दिवसाला सुमारे ४,८०० लिटर तुमचे. ठिबकवर एका माडाला उन्हाळ्यात आम्ही ४० लिटर देतो. तुमच्या ६० माडांचे २,४०० झाले. पोफळी आणि परसातल्या भाजीला ६०० धरा, घरची माणसं आणि दोन गाई मिळून आणखी ६००. मोठ्या कलमांना पाणी लागत नाही, ते एक बरं. उरले १,२००. शहरातून आलेला पाहुणा दिवसातून दोनदा आंघोळ करतो, समुद्रावरून आला की तिसऱ्यांदा. चादरी-टॉवेल धरून माणशी १५० लिटर लागतात. म्हणजे आठ माणसं. दोन खोल्या, प्रत्येकी चार माणसं. तुमची विहीर यापेक्षा चांगली असेल तर आनंदच आहे, पण आकडा तिच्याकडून घ्या. ठेकेदाराला तो माहीत नाही.

आणि तो तलाव. २५ बाय १२ फूट, चार फूट खोल, म्हणजे एकदा भरायलाच ३४,००० लिटर. तेवढ्या पाण्यात तुमच्या साठही माडांचे चौदा दिवस निघतात. शिवाय पाणी स्वच्छ ठेवायची यंत्रणा, औषधं, आणि लहान मुलांवर डोळा ठेवायला एक माणूस. एकोणीस वर्षांत तलाव नाही म्हणून आमच्याकडे न आलेले लोक असतीलच. पण जे आले त्यातल्या कोणी गेल्यावर तलावाची आठवण काढली नाही. पंपाच्या पाइपखाली पाटात बसून भिजलेली मुलं मात्र मोठी होऊन पुन्हा आली आहेत.

पाण्याच्या खालोखाल स्वयंपाकघर. खोल्या बांधताना हे कोणी मोजत नाही आणि पुढे सगळं तिथेच अडतं. आठ पाहुणे, चार घरचे, कधी गाडीचा चालक. माणशी अडीच-तीन भाकऱ्या धरल्या तर रात्रीच्या जेवणाला पस्तीस भाकऱ्या. तांदळाची भाकरी गरमच वाढावी लागते, आधी करून ठेवता येत नाही. म्हणजे एक बाई सव्वा तास तव्यासमोर. तिने सकाळी सहाला दूध काढलेलं असतं, आठला घावने घातलेले असतात, दुपारचं जेवण केलेलं असतं. ती बाई तुमची आई असणार आहे का? तुमच्या प्रश्नात 'आईला स्वयंपाकाची आवड आहे' असं वाक्य आहे. आवड मला समजते, मलाही आहे. पण घरच्या चार माणसांसाठी असलेली आवड आणि सलग वीस दिवस परक्या माणसांसाठी उभं राहणं यात फार फरक आहे. पहिल्या दिवसापासून वाडीतली एक बाई पगारी ठेवा, गर्दीच्या दिवसांत दोन. आणि वहीत आईच्या नावानेही रोजंदारी लिहा, ती तिच्या खात्यात जमा करा. घरच्या बाईचे कष्ट फुकट धरून काढलेला नफा खोटा असतो. असे हिशेब मी पुष्कळ घरांत पाहिले आहेत, आणि त्या घरांतल्या बायकांची गुडघेदुखीही पाहिली आहे.

जेवणाचं कार्ड छापू नका. रोज एकच स्वयंपाक, घरात जो होतो तो, आणि मासे की शाकाहारी एवढं आदल्या संध्याकाळी विचारून ठेवायचं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पावण्यांका बोलवलंस तर पोटभर जेवूक घाल, नायतर बोलवूच नको." आम्ही तेवढा एकच नियम पाळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ, एप्रिलात कोवळ्या फणसाची भाजी, मेमध्ये आमरस आणि शिरवळे, पावसाच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, श्रावणात हळदीच्या पानातले पातोळे. सोलकढी बाराही महिने, कारण कोकम आपल्याच झाडाचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या काळात ताज्या सुरमईचं आश्वासन कोणाला देऊ नका. सुका बांगडा, सुकट, ओढ्यात चढणीचे मासे मिळाले तर ते. आधी सांगितलं की पाहुणे आनंदाने खातात. न सांगता समोर ठेवलं तर नाराज होतात.

आता पैसा. ६० लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ७९,३०० रुपये, वर्षाचे साडेनऊ लाख. दोन माणसांच्या खोलीला जेवणाखाणासकट ३,६०० रुपये घेतले असं समजा. त्यातले ९०० जेवणाच्या सामानाचे, ६०० मदतनिसांच्या पगाराचे, ५०० धुणं-वीज-दुरुस्तीचे. हाती १,६००. बुकिंगच्या संकेतस्थळावरून पाहुणा आला तर त्यांचं कमिशन वेगळं जाईल. म्हणजे फक्त हप्ता फेडायला वर्षाला सुमारे ६०० खोली-रात्री हव्यात. कागदावर हे कठीण वाटत नाही, आठ खोल्यांच्या जेमतेम ७५ भरलेल्या रात्री. पण त्या रात्री वर्षभर पसरून येत नाहीत. त्या नाताळात, मेमध्ये, लागून आलेल्या सुट्ट्यांत येतात. आठ खोल्या भरल्या की मुलं-चालक धरून पंगतीला वीस माणसं. विहीर आठांना पुरते, आई एक आहे, आणि बाहेर आंबा उतरायला आलेला आहे.

उलट दोन खोल्यांचा हिशेब करा. पडवी आणि न्हाणीघर धरून ३५० चौरस फुटांची एक खोली. आमच्या भागात सध्या चिऱ्याचं बांधकाम, फरशी, नळजोडणी धरून चौरस फुटाला २,२०० रुपये धरले तर एकेक खोली पावणेआठ लाखांची. दोन मिळून साडेपंधरा. निम्मे तुमच्या बचतीतले, आठ लाख कर्ज. हप्ता साडेदहा हजार. वर्षाला ८० खोली-रात्रींत तो निघतो, म्हणजे दोन्ही खोल्या ४० रात्री भरल्या की बस. त्यापुढचं सगळं घरात. एखाद्या वर्षी पाहुणे आलेच नाहीत तरी साडेदहा हजारांसाठी जमीन विकावी लागणार नाही. २०२० चा उन्हाळा आठवा. टाळेबंदीत आमच्याकडे मार्चअखेरपासून एकही पाहुणा नव्हता. आंबा, नारळ, भात यांनी घर चाललं. ज्यांनी बाग तोडून खोल्या बांधल्या होत्या त्यांच्याकडे त्या वर्षी दोन्ही नव्हतं.

शेतीचं वेळापत्रक आणि पाहुण्यांचं वेळापत्रक एकमेकांवर कुठे आदळतं, ते आधीच कागदावर मांडा. मला वाटतं हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग आहे. डिसेंबरमध्ये मोहोर येतो, तेव्हाच तुडतुडे आणि करपा यांसाठी फवारण्या असतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकातही पालवीपासून फळ धरेपर्यंत टप्प्याटप्प्याने फवारण्या येतात. आणि नेमका तेव्हाच नाताळचा पाहुणा अंगणात खुर्ची टाकून बसलेला असतो, त्याचं मूल कलमाखाली खेळत असतं. फवारणी पाहुण्यासाठी पुढे ढकलली तर मोहोर जातो. पाहुण्याला न सांगता केली तर तो गुन्हाच. आमचा नियम असा आहे: फवारणीच्या दिवशी नवा पाहुणा घ्यायचा नाही, असलेल्यांना सकाळी न्याहारी देऊन समुद्रावर किंवा किल्ल्यावर पाठवायचं, संध्याकाळपर्यंत कलमांकडचा रस्ता दोरी बांधून बंद. काय फवारलं आणि का, हे मी जेवताना सांगते. एका पाहुण्या बाईंनी मला विचारलं होतं, 'मग हा आंबा नैसर्गिक कसा?' मी त्यांना फवारणीची वही दाखवली. शेवटची फवारणी कधी, काढणी कधी, मधे किती दिवस गेले. त्या दर वर्षी चार पेट्या नेतात. चालत्या शेतावर पाहुणा ठेवायचा तर शेतीतलं काही लपवता येत नाही, आणि लपवूही नये.

मग एप्रिल-मे. आंबा काढणी आणि सुट्टी एकाच वेळी. काढणीला पहाटे सुरुवात करावी लागते, ऊन चढायच्या आत. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेलं फळ नजरेने ओळखायचं, झेल्याने, म्हणजे लांब काठीला लावलेल्या जाळीने, देठासकट उतरवायचं, देठ तुटून चीक सालीवर आला तर डाग पडतो आणि पेटीत भाव पडतो. विद्यापीठाने काढलेला नूतन झेला यासाठी चांगला. पाहुण्यांना हे बघायला फार आवडतं आणि हातात झेला घ्यावासा वाटतो. त्यांच्यासाठी घराजवळचं एक झाड राखून ठेवा, रायवळ असलं तरी चालेल. विकायच्या कलमांना त्यांचा हात लागू देऊ नका. आधी मीही भिडेपोटी देत होते. एका सकाळी दोन मुलांनी पन्नासेक कोवळे आंबे उतरवले, आईवडील कौतुकाने फोटो काढत होते. चूक त्यांची नव्हती, मी झाड दाखवायला हवं होतं. गोठ्यातल्या मांडणीवर पेंढ्यात आंब्याची आढी लावणं, वासावरून पिकलेला आंबा निवडणं, ही कामं मुलांना देता येतात आणि ती मनापासून करतात.

गणपतीत आणि शिमग्यात खोल्या बंद. गणपती घरचा असतो, चाकरमानी भाऊबंद आलेले असतात, आणि त्या दिवसांत पैशाने आलेल्या माणसाला नीट बघता येत नाही. एक-दोन जणांनी मला 'कोकणातला गणपती अनुभवायचा आहे' म्हणून दुप्पट पैसे देऊ केले. घेतले नाहीत. आमचा देवघरासमोरचा वेळ हा विकायचा भाग नाही, एवढंच मी त्यांना सांगितलं.

पावसाळ्याला लोक घाबरतात, पण लावणी बघायला, चिखलात उतरायला येणारे पाहुणे मला सगळ्यात जवळचे वाटतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की वीज दोन-दोन दिवस जाते, कपडे वाळत नाहीत, आणि पायाला जखम किंवा भेग असेल तर खाचरात उतरायचं नाही. लेप्टो, म्हणजे चिखल-पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप, कोकणात नवा नाही. उतरल्यावर साबणाने पाय धुवायची सोय बांधावरच ठेवा. सौर बंब पावसाळ्यात उपयोगाचा नाही. तांब्याचा किंवा पत्र्याचा बंब घ्या, जळण म्हणून सोडणं, करवंट्या, चुडतं घरचीच असतात. वातानुकूलन यंत्र लावू नका, आमच्याकडचा विजेचा दाब मे महिन्यात ते झेपवत नाही. खोली उंच ठेवा.

बांधकामाबद्दल थोडक्यात. चिऱ्याच्या भिंती, उतरतं छप्पर, चारही बाजूंनी रुंद पडवी. पश्चिमेच्या भिंतीवर झड बसते, तिकडे पाखं आणखी पुढे काढा किंवा पावसाळ्यात झाप बांधा. कौलं सुंदर दिसतात, पण वानर एका दुपारीत शंभर कौलं फोडतात, म्हणून कौलांखाली पत्रा टाका, आम्हाला ते दोनदा छप्पर शाकारल्यावर सुचलं. माडाखाली आणि फणसाखाली खोली नको, पायवाटही नको. नारळ पडायला मुहूर्त लागत नाही. जुना मांगर असेल तर तो आधी दुरुस्त करा, नव्या खोलीपेक्षा पाहुणे तीच मागतात. सारवलेली जमीन अंगणात ठेवा, खोलीत फरशी. न्हाणीघरात मात्र काटकसर नको. कमोड, गरम पाणी, वाळायला खिडकी आणि रोज घासलेली फरशी. चुलीवरच्या जेवणाचं कौतुक करणारा पाहुणा कुबट न्हाणीघरासाठी परत येत नाही.

शौचखड्डा विहिरीपासून किमान ६० फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यातून पाणी झपाट्याने वाट काढतं. वरच्या अंगाला खड्डा घेतला तर पहिल्या पावसात तुमच्याच विहिरीत उतरेल. आंघोळीचं पाणी केळी आणि अळूकडे वळवा. पावसाळा संपल्यावर आणि मेमध्ये असं वर्षातून दोनदा पाणी तपासून घ्या.

विहिरीला कंबरेएवढा कठडा आणि वर जाळी, पहिला पाहुणा येण्याआधी. रात्री पायवाटेवर दिवा, प्रत्येक खोलीत विजेरी, आणि अनवाणी अंगणात उतरायचं नाही हे पहिल्या चहाबरोबर सांगायचं. आपल्या जांभ्याच्या कातळात फुरसं असतं. वीतभर-हातभर साप, दगडाखाली, पालापाचोळ्यात बसलेला, दिसतच नाही. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. चावलं तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. हात-पाय न हलवता गाडीत घालून ज्या सरकारी दवाखान्यात लस आहे तिथे न्यायचं. तुमच्या जवळचा तो दवाखाना कोणता, रात्री तिथे डॉक्टर असतात का, हे स्वतः जाऊन विचारून या आणि भिंतीवर लिहून ठेवा. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, तेव्हापासून कोकणात त्याने मरणारी माणसं कितीतरी कमी झाली. पण वेळेवर पोचावं लागतंच. आम्हाला एकोणीस वर्षांत पाहुण्यांच्या बाबतीत एकदाच धावावं लागलं, विंचूच होता, मुलगी दुसऱ्या दिवशी हसत परत आली. गाडी अंगणात उभी होती म्हणून.

पाहुण्यांना रमवायचं काय, अशी चिंता तुम्ही केली आहे. बैलगाडीची फेरी, फेटे, दोरीवरचे खेळ असं काही विकत आणू नका. देशावर, पुण्याजवळ, हे काम वेगळ्या अंगाने वाढलं. पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यात पळशीवाडीला कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला, आणि पुढे राज्यात अनेक शेतकऱ्यांनी तो उचलला. तिकडे हुरड्याच्या दिवसांत सकाळी येऊन संध्याकाळी परतणारी गर्दी असते. शंभर माणसांना एक दिवस काय दाखवायचं, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. आपल्याकडे माणूस रात्रभर प्रवास करून येतो आणि तीन दिवस राहतो. त्याला पहिला दिवस झोपायला लागतो. दुसऱ्या दिवशी तो आपणहून गोठ्यात येतो. सुपारी सोलताना शेजारी बसतो. ऑक्टोबरात खळ्यात भात झोडताना पाच मिनिटं हात लावतो आणि मग तासभर नुसता बघत राहतो. तुमचे वडील कलमाबद्दल जे बोलतील ते त्याला कुठल्याच हॉटेलात ऐकायला मिळत नाही. फक्त वडिलांना मार्गदर्शकाच्या कामाला जुंपू नका. ते काम करत असतील आणि पाहुणा बाजूला उभा असेल, एवढंच.

मोठे गट मात्र घेऊ नका. एकदा एका कार्यालयाची बावीस माणसं घेतली, शेजारच्या घरात सोय करून. रात्री मोठ्या आवाजात गाणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाईने पान्हा चोरला, दोन दिवस दूध निम्म्यावर. वाडीतल्या आजारी म्हाताऱ्याला झोप नाही. मी घरोघर जाऊन माफी मागितली. वाडीची नाराजी ओढवून हे काम होत नाही. वाट त्यांच्या अंगणातून असते, मदतीला बायका त्यांच्याच घरच्या येतात, अंडी-मासे त्यांच्याकडून घ्यायचे असतात. रात्री दहानंतर आवाज नाही, हा नियम बुकिंग घेतानाच सांगा.

कागदपत्रांत सगळ्यात आधी सातबारा बघा. कोकणातल्या सातबाऱ्यावर किती नावं असतात हे तुम्हाला सांगायला नको. काका, आत्या, त्यांची मुलं, कोणी मुंबईत, कोणी कुठे. सामायिक असेल तर बँक असो की नोंदणी, सगळ्यांची संमती लागेल, आणि ती खोली बांधून झाल्यावर मिळवणं फार कठीण जातं. यंदाच्या गणपतीत सगळे भेटतील तेव्हा बसून बोला. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. नोंदणीपत्र असलं की बँकेत आणि इतर कार्यालयांत बोलणं सोपं होतं. सरकारची निवास-न्याहारी योजना हा दुसरा मार्ग आहे. ग्रामपंचायतीशी बोलून घ्या, अन्नसुरक्षेची नोंदणी करा, पाहुण्यांची वही ओळखपत्राच्या प्रतीसह ठेवा. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवायची असते. यासाठी एजंट लागत नाही, दोन-तीन हेलपाटे मात्र लागतात.

नोकरी दोघांनी एकदम सोडू नका. एकाने गावी यावं, एकाने दोन वर्षं पुण्यात राहावं. आणि जो येईल त्याने पहिलं वर्ष पाहुण्यांशिवाय काढावं: एक मोहोर, एक काढणी, एक लावणी, एक मळणी. घरच्या गाईची धार काढता येईपर्यंत खोल्यांच्या पायाला हात लावू नये, असं मला मनापासून वाटतं. त्या वर्षात खर्च काहीच नाही, आणि विहिरीची मेमधली मापंही तेव्हाच मिळतील. रोज सकाळ-संध्याकाळ, महिनाभर, वहीत. ती वही घेऊन या आमच्याकडे, माझे यजमान आणि मी तुमच्याबरोबर बसून खोल्यांच्या जागा आखून देऊ. जूनच्या पहिल्या आठवड्यात या, पाऊस लागायच्या आत.